छोटी लाईन बंद झाली तेव्हा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



गेल्या पंधरवड्यात दोन ग्रुपांवरून दोन प्रश्न आले. वडोदऱ्याच्या एका ताईंनी लिहिलं, "घरात सगळंच बदलत चाललंय, यात नेम टिकवायचा कसा?" बेळगावच्या एका दादांनी लिहिलं, "इतकी वर्षं नामस्मरण करतोय, पण माझ्यात काहीच बदललं नाही. काय चुकतंय?" वाचून आम्हाला आधी हसू आलं, मग गप्प झालो. ताईंना बदल नको आहे आणि तो थांबत नाही. दादांना बदल हवा आहे आणि तो होत नाही. पोथीतलं उत्तर द्यायच्या आधी आमच्याच केंद्रात घडलेली एक गोष्ट सांगतो. तिच्यात चूक आमची आहे, म्हणून इतके दिवस लिहायचं टाळत होतो.

इंदूरची जुनी माणसं खंडव्याच्या मीटरगेजला 'छोटी लाईन' म्हणतात. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 साली ही लाईन इंदुरात यावी म्हणून एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, तेही 101 वर्षांच्या मुदतीने. म्हणजे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की फेड बघायला आपण नसणार. हैदराबादच्या वडीलधाऱ्यांना मीनाक्षी एक्सप्रेस आठवत असेल. पूर्णा, अकोला, खंडवा करत ती याच छोट्या रुळांवरून आमच्याकडे यायची. तिच्यातून किती माहेरवाशिणी आल्या आणि गेल्या, त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

आमच्या केंद्राचा नेम असा की महिन्यातून एकदा याच गाडीने ओंकारेश्वरला जायचं. महू सोडलं की पातालपाणी, तिथे ब्रेक तपासायला गाडी थांबायची. मग घाट उतरून कालाकुंड. घाटाचा चढ असा की चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, त्यामुळे परतताना कालाकुंडला मागून जादा इंजीन लावायचे. त्या फलाटावर पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद खाल्ल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं कुणी मानायचं नाही. (उपास असला तरी. तो तर दुधाचाच, असं म्हणायचं.) डब्यात भजन, खिडकीतून चोरल नदी, आणि पुढे ओंकारेश्वर रोडला उतरून देवाकडे.

2023 च्या सुरुवातीला महूपासून खालची ही गाडी बंद झाली. मोठी लाईन टाकायची होती. 1992 पासून रेल्वेने सगळीकडे एकच माप करायचं धोरण घेतलं आहे, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. बेळगाव-गोव्याच्या मंडळींनी दूधसागरच्या घाटात हेच 1990 च्या दशकात पाहिलं. ग्वाल्हेरकरांची तर त्याहून लहान, दोन फुटी लाईन 2020 मध्ये थांबली. ज्याची त्याची छोटी लाईन कधी ना कधी बंद होतेच.

आमच्या केंद्रात एक काका आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. सगळी नोकरी त्यांनी याच घाटात रूळ सांभाळण्यात काढली. गाडी बंद झाल्यावर आम्ही ओंकारेश्वरला बस करायचं ठरवलं. काका म्हणाले, "बसने तुम्ही जा. माझी यात्रा संपली." हळूहळू गुरुवारी येणंही कमी झालं. आले तर चिडलेले असायचे. आरतीची चाल अशी नव्हती, नैवेद्याला पूर्वी हे नसायचं, मुलं आपसांत हिंदीत का बोलतात.

त्यांची सूनबाई बुंदेलखंडाकडची. मराठी इथे येऊन शिकली. एका गुरुवारी पोथी वाचणाऱ्या ताई आजारी होत्या, तर ती म्हणाली, मी वाचू का? तिने सुरुवात केली. 'ळ' तिच्या तोंडून 'ल' व्हायचा. 'बाळ'चा 'बाल' झाला तेव्हा मागून कुणीतरी हसलं. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "राहू दे तुझं. पोथीचा खेळ नको करूस." तिने पोथीला नमस्कार केला, मिटली आणि उठली. आणि आम्ही, म्हणजे केंद्र चालवणारे तिघे-चौघे, काय केलं? काकांचा मान राखला. म्हणालो, उच्चार शुद्ध असायला हवेत, काकांचं चुकलं नाही. त्यानंतर ती आली नाही. तिचा सहा वर्षांचा मुलगाही नाही, जो सगळ्यात आधी येऊन सतरंज्या अंथरायचा.

हे सद्गुरूंच्या कानावर आम्ही घातलंच नव्हतं. एकदा फोनवर त्यांनीच विचारलं, ओंकारेश्वरची गाडी सुरू झाली का? आम्ही म्हटलं, नाही, काम चालू आहे. त्यांनी विचारलं, मग जुन्या रुळांवरून गाडी चालू ठेवून नवे टाकता येत नाहीत का? आम्ही सांगितलं, नाही महाराज, घाटात मोठ्या गाडीला ते चढ-वळण झेपणार नाही, तिच्यासाठी लांबून वेगळी वाट आणि बोगदे करावे लागताहेत, तोवर गाडी नाही. "मग लोक काय करतात?" बसने जातात. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोकांसाठी बस केलीत. त्या पोरीसाठी काय केलंत?"

आता कुणी सांगितलं, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

मंडळी, त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच नीट झोप लागली नाही. आपण वाचतो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की या देहातच बाळपण जातं, तारुण्य येतं, ते जाऊन म्हातारपण येतं, आणि शहाणा माणूस त्याने गोंधळून जात नाही. आम्ही हा श्लोक कितीदा समजावून सांगितला असेल! पण आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. बाळपण जाऊन तारुण्य आलं, असा एक दिवस कुणाला दाखवता येत नाही. मध्ये एक काळ असतो, जेव्हा जुनं थांबलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. पोरगा धड लहान नसतो, धड मोठा नसतो. माणूस नोकरीतून निवृत्त होतो पण सकाळी पाचला जाग येतेच. सासर आपलं झालेलं नसतं, माहेर परकं झालेलं असतं. लाईन बंद आहे आणि बोगदा खणला जातोय, तो काळ. माणूस तुटतो तो त्याच वेळी. आणि सत्संगाची गरज खरी तेव्हाच असते, त्याच वेळी आम्ही एकाला चिडू दिलं आणि दुसरीला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही काकांकडे गेलो. उपदेश करायला नाही, तेवढी अक्कल तोवर आली होती. त्यांना रुळांबद्दल बोलतं केलं. ते विषय निघाला की खुलतात. म्हणाले, जुन्या गाडीचा तो खडखड-खडखड आवाज रुळांच्या सांध्यांचा. तेरा मीटरचा रूळ चाळीस अंशांनी तापला की सुमारे 6 मिलिमीटर वाढतो, म्हणून दोन रुळांत फट ठेवायची. फट नाही ठेवली तर उन्हाळ्यात रूळ सापासारखा वाकडा होतो. आम्ही विचारलं, आता तर रूळ सलग जोडलेले असतात, फट नसते, मग ते वाकत कसे नाहीत? काका हसले. म्हणाले, "ऊन थोडंच कमी झालंय? रूळ आतून तसाच ताणला जातो. पण तो ना धड गार ना धड तापलेला अशा वेळी बसवतात, आणि मग खाली स्लीपर आणि चारी बाजूंनी खडी त्याला धरून ठेवते. खडी विसविशीत झाली की संपलं. मी आयुष्यभर ती खडीच नीट करत होतो."

मग त्यांनी खंडव्याची गोष्ट सांगितली. खंडव्याला मुंबईकडची मोठी लाईन आणि आमची छोटी लाईन भेटायची. एकीच्या रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर, दुसरीचं 1000. फरक सव्वादोन फुटांचा. पण त्या सव्वादोन फुटांमुळे मुंबईहून आलेला डबा पुढे इंदूरला येऊच शकत नसे. सगळा माल उतरवायचा, फलाट ओलांडायचा, दुसऱ्या डब्यात भरायचा. रात्री-बेरात्री, पावसात. "हमालांची पाठ मोडायची," काका म्हणाले.

इतक्यात सूनबाई चहा घेऊन आली. मुलाने आतून तिला हिंदीत काही विचारलं, तिने हिंदीत उत्तर दिलं. काकांना मराठीत विचारलं, "बाबा, साखर कमी घातली आहे, चालेल ना?" फोन वाजला, माहेरचा होता, तिथे बुंदेली सुरू झाली. फोन ठेवून पुन्हा आमच्याशी मराठी, तिच्या त्या 'ल'वाल्या उच्चारात.

आम्ही काही बोललो नाही. काकाच कपाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माल तर हिच्याच पाठीवर आहे की."

बेळगावच्या दादांना आम्हाला इतकंच सांगायचं आहे. आपल्यात झालेला बदल आपण जपाच्या आसनावर बसून शोधतो. तिथे तो दिसेलच असं नाही. घरात सव्वादोन फुटांचा फरक कुठे आहे आणि तिथे ओझं कोण उचलतंय, हे ज्या दिवशी नजरेला दिसलं, त्या दिवशी नामाने काम केलं असं समजायला हरकत नाही. काकांनी साठ वर्षं नाम घेतलं. ते वाया गेलं नव्हतं.

आणि वडोदऱ्याच्या ताईंना घाटातली एक गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात तिथला साग ओकाबोका होतो. पाणी कमी, म्हणून झाड पानं सोडून देतं, नाहीतर पानांतून होतं नव्हतं ते पाणीही उडून जाईल. पण पान वाऱ्याने तोडलेलं नसतं. गळायच्या आधी झाड स्वतःच देठापाशी एक पातळ थर तयार करतं, त्यामुळे पान सुटलं तरी तिथे जखम उघडी राहत नाही. ताई, तुमच्या नेमातलं काही सोडावं लागणार असेल, पहाटेची वेळ असेल, सोवळं असेल, सगळ्यांनी एकत्र बसून करायची आरती असेल, तर ते कुणी ओरबाडून घ्यायच्या आधी आपणच शांतपणे, नमस्कार करून सोडा. जे चिडून सोडलं, तिथे ठणकत राहतं. आणि सगळं सोडायचं नसतंच. साग पानं सोडतो, मूळ सोडत नाही. तुमचं मूळ कोणतं, ते तुम्हालाच बसून ठरवावं लागेल. आमच्या केंद्राने ठरवलं, गुरुवार आणि पोथी हे मूळ. वाचणाऱ्याचा उच्चार हे मूळ नाही.

हे मान्य करायला आमच्यातल्या दोघांना वेळ लागला. एकजण अजून म्हणतात, उद्या पोथीच हिंदीत वाचा म्हणाल. त्यांची भीती खोटी नाही. इंदुरात, ग्वाल्हेरात, हैदराबादेत, आपल्या किती घरांत नातवंडं आजीची चिठ्ठी वाचू शकत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. पण ज्या मुलाची आई पोथीजवळून उठवली गेली, तो मुलगा पोथीकडे येणार कोणत्या वाटेने? याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

आम्ही चौघांनी सूनबाईंची माफी मागितली. फोनवर नाही, घरी जाऊन. त्या म्हणाल्या, "मी येईन, पण बाबांनी बोलावलं तर." काकांनी त्या वेळी बोलावलं नाही. दोन गुरुवार तसेच गेले. तिसऱ्या गुरुवारी काका नातवाचा हात धरून आले, त्याला सतरंज्यांकडे पाठवलं आणि स्वतः दारातच उभे राहिले. ती मागून येत होती, चपला काढत होती. काकांनी कपाटातून पोथी काढून तिच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. तिच्या शेजारी बसले आणि ओळीवर बोट धरून राहिले, लहान मुलाला शिकवताना धरतात तसं.

'ळ' अजून नीट येत नाही. मध्ये अडली की नातू मागून हळूच सांगतो, आणि मग काका त्याला दटावतात, "मध्ये बोलू नकोस, तिला वाचू दे."

पुढच्या महिन्यात ओंकारेश्वरची बस आहे. काकांनी पुढची खिडकीची जागा मागून घेतली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारपर्यंत केंद्राच्या ग्रुपवर नाव कळवावं, आणि घरून येताना आपापला डबा आणावा.

जय गुरुदेव.