छावणीबाहेरचे सात दिवस

कुरुंदवाडला आमची फेरी वर्षातून चार-पाच वेळा होते. तेथे आपली घरे थोडी, त्यामुळे एकेका घरी निवांत बसता येते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे गाव सर्वस्वी गोड्या पाण्याचे. मासा म्हटला की येथे नदीचा मासा. समुद्र पाहायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते. अशा या गावात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच संसारात, आपल्यातील एका तरुणाने समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवली आहे.

तो एका दूधसंस्थेत हिशेबनीस आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत त्याने रत्नागिरीच्या झाडगावातील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहिले आणि ते त्याच्या मनातून गेले नाही. नोकरी लागल्यावर त्याने दोनशे लिटरची काचेची टाकी घेतली. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम खास क्षार मिसळून तो घरीच समुद्र तयार करतो. "मिठाला एवढं पैसं?" हा त्याच्या आजीचा प्रश्न, आणि तो आम्हांलाही रास्त वाटतो.

टाकीत पाच मासे होते. गेल्या पावसाळ्यानंतर त्याने मुंबईहून सहावा मागवला. पावडर ब्लू टँग असे त्याचे नाव. रंग आकाशी, पाठीवर पिवळी धार. नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवावा, हे त्याला ठाऊक होते. पण वेगळा ठेवायचा कोठे? बाहेरच्या खोलीत टाकी आणि आजीची खाट, आतल्या खोलीत बाकीचे चौघे, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. पिशवीतला मासा त्याने सरळ टाकीत सोडला. चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरावे तसे पांढरे ठिपके उठले. पंधरवड्यात तो मेला आणि त्याच्यामागून जुन्या पाचांपैकी चार गेले. उरला तो एक निळा डॅमसेल, बोटभर लांबीचा आणि स्वभावाने भांडखोर.

आम्ही गेलो तेव्हा त्याने विचारले, "फादर, याला पाप म्हणायचे का?" आम्ही हसलो. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसल्याची लाज वाटली.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनास शिकवले गेले, तेव्हा हयगयीचे प्रकरण आम्ही घाईनेच उरकले होते. चोरी, खोटी साक्ष, व्यभिचार यांपुढे हयगय म्हणजे अगदीच किरकोळ. पण त्या थोर गुरूंनी हयगयीला विवेक या सद्गुणाच्या विरोधी बाजूस बसवले आहे: जे करायला हवे ते ठाऊक असताना मनाने त्याची काळजी न वाहणे. आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की प्राणी ही देवाची निर्मिती आहे आणि माणसाने त्यांच्याशी दयेने वागणे हे त्यांचे देणे आहे. तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पाप लहान असेल, पण ते आहे की नाही हे पाहायलाच हवे.

रोग कसा चालतो ते त्याने आम्हांला समजावून सांगितले, आणि नीतीचे सारे कोडे त्यातच दडलेले निघाले. हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा सूक्ष्म परजीवी. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत काही दिवस पोसला जातो, मग गळून पडतो आणि वाळूवर, दगडावर कवच करून बसतो. आत त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले तयार होतात. बाहेर पडल्यावर त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पण सारी कवचे एका वेळी फुटत नाहीत. काही कित्येक आठवडे तशीच राहतात. तांब्याच्या औषधाने पिल्ले मरतात, परंतु त्याच औषधाने टाकीतले खेकडे आणि गोगलगायीही मरतात, आणि दगड ते तांबे शोषून बसतात. म्हणून मुख्य टाकीत औषध घालता येत नाही. उपाय एकच: माशांना बाहेर काढायचे आणि टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची. खेकड्यांवर हा परजीवी जगत नाही. यजमान नाही म्हटल्यावर तो उपाशी मरतो.

जागेचे काय? पन्नास लिटरचे प्लास्टिकचे टब दोन. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा, स्पंजाची गाळणी आणि पाणी ऊबदार ठेवणारा हीटर, बस्स. मासा तीन दिवस एका टबात ठेवायचा. परजीवी गळून तळाशी बसला की त्याची पिल्ले फुटण्याआधीच मासा नव्या पाण्याच्या दुसऱ्या टबात हलवायचा, पहिला धुऊन कोरडा करायचा. अशा चार बदल्या, बारा दिवसांत. एक टब आजीच्या खाटेखाली, दुसरा मोरीच्या कठड्यावर पालथा. पाणी थोडे असल्याने घाण लवकर साचते, म्हणून रोज थोडे पाणी बदलायचे. एवढे केले तर दोन खोल्यांतही भागते. हे त्याला आधी सुचले नाही असे नाही. खाटेखालचे ट्रंक हलवायचा त्याला कंटाळा आला होता. तोच त्याचा कबुलीजबाब.

आता खरा पेच. मुंबईच्या व्यापाऱ्याला त्याने क्लाउन माशांच्या जोडीचे पैसे आगाऊ दिलेले होते, आणि व्यापारी मासे पाठवायची घाई करीत होता. टब एका वेळी एकच वापरता येणार. त्यात कोणाला ठेवायचे, नव्या जोडीला की वाचलेल्या डॅमसेलला? तिघांना एकत्र ठेवणे शक्य नाही. एक नवा आला की सर्वांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आम्ही चटकन म्हणालो, "नव्यांना. जुना तर धडधाकट आहे."

तो म्हणाला, "फादर, तोच तर आजारी असेल."

मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याने स्वतःशीही नीट कबूल केली नव्हती. हा डॅमसेल कित्येक महिन्यांपासून मधूनमधून दगडाला अंग घासायचा. अंगावर ठिपका दिसत नसे, खाणेपिणे व्यवस्थित. एकदा रोग होऊन गेलेल्या माशाला थोडीफार प्रतिकारशक्ती येते. तो स्वतः बरा दिसतो आणि परजीवी मात्र त्याच्या कल्ल्यांत थोड्या प्रमाणात नांदत राहतो. मग लांबच्या प्रवासाने दमलेला, उपाशी, घाबरलेला पाहुणा त्याच पाण्यात येतो आणि पहिल्या झडपेलाच बळी पडतो. रोग टँगने आणला की टँगला येथे लागला, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. पण गेला पंधरवडा घरातले सगळे त्या मेलेल्या पाहुण्यालाच बोल लावीत होते.

म्हणजे टबात जायचे ते जुन्याने. आजीला हे पटेना. "घरच्यालाच बाहेर काढायचं व्हय, फादर? ह्यो तर आपलाच की."

आजीचे ते वाक्य घेऊनच आम्ही एस.टी.त बसलो, आणि जयसिंगपूर येईपर्यंत आमच्या मनात मिर्याम घोळत होती. गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील ही कथा आपल्याकडे क्वचितच वाचली जाते. मोशेची बायको कूशी, परक्या देशाची. तिच्यावरून मिर्याम आणि अहरोन यांनी मोशेला नावे ठेवली. आणि कोड कोणाला फुटले? परक्या बाईला नव्हे. घरच्या मिर्यामला, मोशेच्या सख्ख्या बहिणीला. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवण्यात आले. (अहरोन कसा सुटला, हे शास्त्र सांगत नाही. तो याजक होता, एवढे आम्ही नोंदवतो आणि गप्प बसतो.) पण या कथेतले जे वाक्य आम्ही इतकी वर्षे वाचूनही ऐकले नव्हते ते पुढेच आहे: मिर्यामला परत आत घेईपर्यंत लोकांनी कूच केले नाही. लाखोंची छावणी वाळवंटात एका आजारी बाईसाठी थांबली.

माणसाने माणसाला वेगळे ठेवण्याचा इतिहास मोठा आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा नगराने, आजच्या दुब्रोवनिकने, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर ठेवण्याचा कायदा केला. पुढे तीसचे चाळीस झाले. 'क्वारंटाइन' हा शब्द चाळीसवरूनच आला आहे, आणि आपल्या उपवासकाळाचे दिवसही चाळीसच. कायदा शहाणपणाचा होता. परंतु पाच शतकांनंतर, १८९७ साली, प्लेगच्या पुण्यात घरांत सोजीर घुसवून माणसे छावण्यांत नेण्यात आली, तेव्हा त्याच शहाणपणाचे काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. रोगाचे गणित तेच होते. थांबणारी छावणी मात्र नव्हती. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांना सोडून जहाजे परत फिरत. १८७३ साली संत दामियन तेथे उतरले ते १८८९ साली त्याच रोगाने मरेपर्यंत तेथेच राहिले. तेथील वेगळेपणाला शेवटची तारीखच नव्हती.

दूर कशाला जायचे? २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा पुण्याहून गावी आला. चौदा दिवस तो शाळेच्या खोलीत राहिला. त्याबद्दल त्याची किंवा त्याच्या आईची तक्रार नव्हती. पंधराव्या दिवशी तो घरी आला, आणि त्यानंतर तीन आठवडे त्या घराची कडी कोणी वाजवली नाही. आम्हीही नाही. आमच्यापाशी कारणे होती. आज त्यांतले एकही सांगण्याजोगे वाटत नाही. त्याची आई मात्र त्या मुदतीनंतरचे दिवस मोजत होती, हे तिने पुढे वर्षभराने सांगितले.

माणूस म्हणजे मासा नव्हे, हे आम्हांला कळते. माशाला विचारता येत नाही आणि माणसाला विचारलेच पाहिजे. तरी या दोन टबांनी आम्हांला जे दाखवले ते आमच्या प्रवचनांत आजवर नव्हते. नव्याला वेगळे ठेवतात ते तो रोगट आहे म्हणूनच नव्हे. तेथे त्याला कोणी हुसकत नाही, तो खायला लागतो, अंगात बळ धरतो. आणि ज्या घरात तो येणार ते घर आधी निरोगी आहे का, हे कोणी विचारायचे?

जागा नसेल तर मासे पाळूच नयेत, असे एक सुशिक्षित गृहस्थ आम्हांला म्हणाले. त्यांचा बंगला प्रशस्त आहे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही: टब ठेवण्याइतकीही जागा मिळेना, तर तो मासा आणू नये. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका महापुरात बुडाला, तेव्हा कोरड्या राहिलेल्या दोन-दोन खोल्यांत किती संसार मावले होते ते आम्ही पाहिले आहे. आजीच्या खाटेखालचे ट्रंकही त्या पुरात उचलून माळ्यावर गेले होते.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. व्यापाऱ्याला त्याने कळवले होते की मासे आत्ता पाठवू नका. पैसे अडकले तर अडकू देत. डॅमसेलच्या चार बदल्या झाल्या होत्या आणि तो खाटेखालच्या टबात पाइपाच्या तोंडाशी बसून आमच्याकडे रागाने पाहत होता. मोठ्या टाकीत दिवा चालू, पाणी स्वच्छ, तळाशी दोन खेकडे फिरत होते, मासा एकही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकटीत पेन्सिलीने ४१ लिहिलेले होते. आजी खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. खाली सोडले तर टबाला लागतात म्हणून.