धूर नसलेला विस्तव

रायफलच्या चेंबरमधला दाब कोणालाच दिसत नाही. बार उडतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं आटोपतं आणि मागे उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. घरी काडतुसं भरणारा माणूस त्या पुंगळीवरून आत काय घडलं ते ठरवतो. हे निखळ अनुमान आहे. ते चुकलं तर बोल्टच्या मागे चार बोटांवर गाल टेकलेल्या माणसाचा डोळा जाऊ शकतो. अनुमान कधी खरं मानावं, हा प्रश्न मला पोथीतला वाटत नाही तो यामुळे.

मी पुण्यात धातुशास्त्र शिकलो आणि नोकरीसाठी माँटानात येऊन बोझमनजवळ राहिलो. इथे बऱ्याच घरांत हिवाळ्याचं मांस म्हणजे शरदात मारलेला एल्क. मी शिकार करत नाही, पण पितळ मला वाचता येतं, म्हणून शेजारी आपल्या पुंगळ्या माझ्याकडे घेऊन येतो. त्याची रायफल .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम. आखूड, जाडजूड काडतूस. त्याच्या दाबाची ठरवलेली मर्यादा दर चौरस इंचाला ६५,००० पौंड. बूड रुंद असल्यामुळे तेवढ्याच दाबाला बोल्टवर बसणारा रेटा .३०-०६ पेक्षा बराच जास्त.

उन्हाळ्यात त्याने आणलेल्या पुंगळ्यांचे प्रायमर चपटे झाले होते, बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा उमटला होता, आणि बोल्ट उचलायला जड जात होता. "प्रायमर चपटा, म्हणजे दाब जास्त," तो म्हणाला.

माझे आजोबा वाईला मुलांना अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह शिकवत. त्यांच्यापुढे हे वाक्य टाकलं असतं तर त्यांनी एकच विचारलं असतं: जिथे जिथे चपटा प्रायमर, तिथे तिथे जास्त दाब, ही व्याप्ती पक्की आहे का? ती पक्की नाही. पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे दाबला गेला असेल, तर बार उडताना प्रायमर आधी मागे सरकतो, मग ताणलेली पुंगळी येऊन त्यावर आदळते आणि तो चपटा होतो. दाब मर्यादेतच असतो. काही प्रायमरांचा पत्राच मऊ असतो. फायरिंग पिनचं भोक सैल असलं तर खुणेभोवती कड उठते, तिचाही दाबाशी संबंध असेलच असं नाही. असा हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, नैयायिक सव्यभिचार म्हणून बाजूला ठेवतात.

इजेक्टरचा ठसा त्याहून वजनदार पुरावा, कारण तो उमटायला बुडाचं पितळ खरोखर वाहावं लागतं. पण कुठलं पितळ? सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त हे प्रमाण सगळीकडे तेच असलं, तरी बुडाचा कठीणपणा कारखान्यागणिक बदलतो. शेजाऱ्याने नव्या कंपनीच्या पुंगळ्या घेतल्या होत्या. त्यांच्या भिंती जाड, म्हणून आतली जागा कमी. दारू तोलून तेवढीच भरली, तरी कमी जागेत ती जास्त दाब करते. वर ऊन. मार्चमध्ये निर्धोक वाटलेला भार जुलैच्या उन्हात तापला की तसाच राहील असं नाही.

मग आम्ही अन्वय-व्यतिरेक लावला, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी पुंगळ्यांची लांबी मोजली, कारण लांब झालेली मान चेंबरच्या टोकाला चिमटली तर दाब उसळतो. लांबी ठीक होती. चेंबर तेल पुसून कोरडं केलं, गळ्यातला कार्बन काढला. गोळी नळीच्या आट्यांना टेकत नाही ना, ते पाहिलं. मग त्याच दारूचा उतरवलेला भार जुन्या पुंगळ्यांत आणि नव्या पुंगळ्यांत, एकाच सकाळी. नव्यांत वेग ठळकपणे जास्त आला. वेग फुकट मिळत नाही, त्यामागे दाब असतो. म्हणून वेगमापकाचा आकडा मला प्रायमरच्या चेहऱ्यापेक्षा भरवशाचा हेतू वाटतो.

इथपर्यंत सोपं होतं. मला घोर लागला तो त्याच्या पुढच्या वाक्याने. "जुन्या पुंगळ्यांवर कसलीच खूण नाही, म्हणजे त्यात आणखी थोडी दारू चालेल."

तर्कशास्त्रात तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला आहे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरावरून विस्तव सिद्ध होतो, पण धूर नाही म्हणून विस्तव नाही असं म्हणता येत नाही. धुराला विस्तवाखेरीज ओलं सरपणही लागतं. अशा जादा अटीला उपाधी म्हणतात. पितळावर खूण उमटायलाही असंच दुसरं काही लागतं: मऊ बूड, इजेक्टरचं भोक, चेंबरचा खडबडीतपणा. कठीण पितळ मर्यादा ओलांडूनही निर्मळ बाहेर येतं. मीमांसकांनी हे फार नेमकं मांडलं आहे. न दिसणं हे प्रमाण आहे, पण दिसण्याजोग्या वस्तूपुरतंच. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणजे तो नाही. दाब हा दिसण्याजोगा पदार्थच नव्हे, म्हणून त्याचं न दिसणं काहीच सिद्ध करत नाही. शॉर्ट मॅग्नममध्ये पितळ बोलू लागतं, तोवर बहुधा मर्यादा मागे पडलेली असते.

मग मोजमाप तरी काय असतं? १८६० च्या दशकात अँड्र्यू नोबलने तोफांसाठी तांब्याची लहान नळकांडी वापरली. दाबाने तांबं किती चेपलं यावरून दाब काढायचा. तीही धातूवर उमटलेली खूणच. फरक एवढाच, की तांबं एकाच कठीणपणाचं, मापं ठरलेली, आणि चेपण्याचा तक्ता आधी करून ठेवलेला. आजचा पिझो स्फटिक त्याहून बारकाईने सांगतो, पण तोही विद्युतभारावरून दाबाचं अनुमानच करतो. मला यातून एवढं उमगतं, की खूण आणि मोजमाप या दोन जाती नाहीत. उपाधी एकेक करून काढून टाकल्या की खुणेचं मोजमाप होतं. शेजाऱ्याच्या बाकावर त्या निघत नाहीत.

म्हणून शब्दप्रमाण. दाब मोजून छापलेली भारपुस्तिका हे आप्तवाक्य आहे. ज्याने मोजलं आणि ज्याला फसवायचं नाही, त्याचा शब्द. शेजाऱ्याला हे मानवत नाही. स्वतः पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं, आणि त्या शिकवणीचा मला आदर आहे. शिवाय पुस्तिकेतली नळी त्याची नव्हे, पुंगळी त्याची नव्हे. शब्दालाही मर्यादा आहे, म्हणून तर सुरुवात खालच्या भारापासून करायची. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह जिथे डोळा पोचतच नाही तिथेही धरला, तर माणूस प्रत्यक्षाच्या नावाखाली कच्चं अनुमान जवळ करतो. या रायफलने यंदा त्याचा मुलगा शिकार करणार आहे. भार बापाने ठरवायचा आणि गाल मुलाने टेकवायचा, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

त्याने वरच्या भाराची काडतुसं उकलली, गोळ्या काढल्या, दारू परत डब्यात ओतली. आता तो नळीवर चिकटवायचा ताणमापक घेतो म्हणतोय. मी घे म्हटलं. मात्र तो जुळवायलाही आधी कारखान्याची, माहीत असलेल्या दाबाची काडतुसं उडवावी लागतात. तो दाब माहीत कोणाला, असं त्याने विचारलं, आणि त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.