अधिकारी स्त्री आणि बलोपासना

मराठींत अधिकाराविषयीं बोलतांना आपण बहुतेक वेळां शरीराच्याच भाषेंत बोलतों. जबाबदारी पेलतों, भार खांद्यावर घेतों, संकटांत पाय रोवून उभे राहतों. आणि ज्याला हें साधत नाहीं, त्याला कणाच नाहीं असें म्हणतों. तेव्हां मोठ्या हुद्द्यावरील स्त्रियांनीं वजनें उचलण्याचा व्यायाम करावा, त्यानें नेतृत्वाचे गुण वाढतात, असें जें अलीकडे वारंवार सांगण्यांत येतें, तें ऐकून आम्हांस प्रथम नवल वाटलें नाहीं. भाषेनें जें रूपकानें सांगितलें तेंच हे लोक शब्दशः घेत आहेत, एवढेंच आम्हीं मनाशीं म्हटलें. परंतु रूपक खरें मानून चालूं लागलें म्हणजे वाट कोठें जाते, हें एकदां पाहिलें पाहिजे.

व्यायामाच्या उपयुक्ततेविषयीं वाद नाहीं. वय वाढतें तसे स्नायू झिजतात, आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीचीं हाडें विशेष वेगानें विरळ होऊं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. पण हा उपदेश संचालिकेला जितका लागू, तितकाच तिच्या घरीं पोळ्या करणाऱ्या बाईलाहि. येथें हुद्द्याचा प्रश्न कोठें आला?

खरी अडचण पुढेंच आहे. भार उचलल्यानें जर अधिकार अंगीं येत असता, तर आपल्या देशांतील स्त्रिया कधींच राज्य करूं लागल्या असत्या. पहांटे जात्यावर बसणारी, डोईवर दोन दोन हंडे घेऊन चढण चढणारी आमची आजी काय दुबळी होती? आज व्यायामशाळेकडे निघालेल्या अधिकारी बाईंच्या मोटारीला जी स्त्री विटांचें घमेलें डोक्यावर घेऊन वाट देते, तिच्या मानेचें आणि पाठीचें बळ त्या बाईंना कित्येक वर्षांच्या अभ्यासानेंहि येईल कीं नाहीं याची शंकाच आहे. पण तिचा शब्द मुकादमहि ऐकत नाहीं. तेव्हां बळ आणि अधिकार यांची सोयरीक एवढी सरळ नाहीं.

आमच्या मतें या दोघींतील भेद बळाचा नाहीं; वजन कोण ठरवितें याचा आहे. घमेलें किती भरावें हें मुकादम ठरवितो, आणि तें खालीं केव्हां ठेवावें हेंहि तोच. व्यायामशाळेंतील स्त्री आपला भार आपण निवडते, झेपला नाहीं तर खालीं ठेवते, एक दिवस विसांवा घेते आणि पुन्हां येते. अधिकाराचें बीज कोठें असेलच तर तें या निवडींत आहे.

मात्र लोखंडाचा एक गुण मान्य केला पाहिजे. त्याला हुद्दा कळत नाहीं. कचेरींत वरिष्ठाची चूक झांकण्यास दहा माणसें धांवतात. येथें वजन पडलें तर तें सर्वांदेखत पडतें. २००० सालीं सिडनी येथें कर्णम मल्लेश्वरी यांनीं ६९ किलो गटांत ११० आणि १३० मिळून २४० किलो वजन उचललें, आणि ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पण शेवटच्या प्रयत्नांत त्यांनीं १३७.५ किलोला हात घातला होता आणि तो साऱ्या जगासमोर फसला, हें फार थोड्यांच्या लक्षांत राहिलें आहे. २०२१ सालीं दिल्लीच्या क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरु म्हणून त्यांची नेमणूक झाली. वजनें उचलल्यामुळें त्यांना कारभार करतां येऊं लागला, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आपल्या शक्तीची सीमा चारचौघांत पाहून जें माणूस पुन्हां दांड्याजवळ जातें, त्याला खुशामतीनें फसविणें जरा अवघड जात असावें.

या उपदेशांत बोंचणारी गोष्टहि एक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री असणें बंधनकारक केलें. त्या मंडळावरील पुरुषाचें पोट सुटलेलें असलें म्हणून त्याच्या निर्णयशक्तीविषयीं कोणी शंका घेत नाहीं. स्त्रीनें मात्र आपला कणखरपणा दंडावर दाखवावा! आणि समजा, तिनें तो दाखविला. जिनें कष्टानें स्वतःला घडविलें, तिला दुसऱ्याचा थकवा आळसासारखा दिसूं लागण्याचें भय असतें. आपण पहांटे उठतों, मग हाताखालचा कारकून कां उठूं नये, असा हिशेब मांडणारे पुरुष आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत स्त्रियांची भर पडावी हा कांहीं लाभ नव्हे.

आमच्या परिचयाच्या एक बाई एका बँकेंत मोठ्या खात्याच्या प्रमुख आहेत. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या वजनें उचलूं लागल्या. नेतृत्वाचें नांव काढतांच त्या हंसल्या. "तसें कांहीं नाहीं हो. आमचे मास्तर नवें वजन चढविण्यापूर्वीं वही उघडतात आणि मागच्या वेळीं किती उचललें होतें तें पाहतात. मीं वीस वर्षें माणसांवर कामें चढविलीं, पण आधींचें किती आहे हें कोणाला विचारलें नव्हतें." आतां त्या विचारतात. विचारूनहि काम द्यावें लागतेंच, आणि ज्यांना तें मिळतें ते पुष्कळदां पूर्वींइतकेच चिडतात, हेंहि त्यांनींच सांगितलें. मग पिशवींतून ती वही काढून आम्हांस दाखविली. पहिल्या पानावर तारीख होती, आणि पुढें मास्तरांच्या अक्षरांत एवढेंच: नुसता दांडा, पांच वेळां.