उरलेला हिस्सा कुणाचा?

भिलाईच्या कॅम्प-१मधला एक सुन्नी कामगार वारला, असं धरू. मागे बायको, एकुलती एक मुलगी आणि दूर मुलखात राहणारा सख्खा भाऊ. दफनखर्च, देणी भागवून चोवीस लाख उरले. सुन्नींच्या हनफी पंथाच्या हिशेबाने बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे तीन लाख; मुलीला निम्मे, बारा लाख; उरलेले नऊ लाख भावाला. तोच माणूस बारा इमाम मानणारा इस्ना अशरी शिया असता, तर बायकोचे तीन लाख तसेच राहून बाकीचे एकवीस लाख मुलीचे झाले असते. भावाला काही नाही.

दोन्हीकडे कुराण एकच. वाद आहे तो ठरलेले हिस्से वाटून झाल्यावर उरलेल्या मालमत्तेचा. सुन्नी कायदा ती मुख्यतः ‘असबा’ला देतो, म्हणजे बापाकडून नातं लागणाऱ्या पुरुषांना. भाऊ नसेल तर पुतण्या, तोही नसेल तर चुलता, चुलतभाऊ. मुलीचा मुलगा त्यांच्यामागेच. शिया फकीहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी, असबाचा हा हक्कच मानला नाही. त्यांच्याकडे आईबाप आणि मुलंबाळं पहिल्या वर्गात, भावंडं दुसऱ्या; पहिल्या वर्गात एकटी मुलगी असली तरी दुसऱ्याची पाळी येत नाही. नबींचा वंश त्यांची मुलगी फातिमा हिच्याकडून चालत आला असं मानणाऱ्यांना मुलीकडचं नातं दुय्यम ठरवणं जड गेलं असणार, असं मला वाटतं.

असबाचा नियम मुलींना लुबाडण्यासाठी जन्मला नाही. उहुदच्या लढाईत नबींचे साथी साद बिन रबी पडले आणि त्यांच्या भावाने सगळंच ताब्यात घेतलं. विधवेने नबींकडे दाद मागितली. परंपरा सांगते की दोन मुलींना दोन-तृतीयांश, विधवेला आठवा आणि उरलेलं भावाला, असा निवाडा झाला. मुलींच्या हाती काहीच लागत नसलेल्या त्या काळात ही मोठी झेप होती. शिवाय भावावर भारही होता. कुळातल्या कुणाच्या हातून चुकून माणूस मेला तर भरपाई कुळातल्या पुरुषांनी द्यायची, पोरक्या पोरांना सांभाळायचं.

१९५५च्या सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या भिलाईत माणसं देशभरातून आली, ती कुळ मागे ठेवून. इथे बापाला दवाखान्यात नेते मुलगी. रांगेत तीच उभी राहते, गोळ्यांच्या वेळा तीच पाळते, रात्रीचं खोकणं तिलाच ऐकू येतं. भाऊ चाळिसाव्याला येतो आणि परत जातो. जबाबदारी सुटली, हिस्सा तेवढा राहिला. माझी तक्रार नेमकी ही आहे.

शिया कायदाही प्रत्येक वेळी मुलीच्या बाजूने नसतो. नवरा, आईबाप आणि दोन मुली मागे ठेवून बाई गेली, तर ठरलेल्या हिश्शांची बेरीज एकाहून जास्त भरते. सुन्नी सगळ्यांचेच हिस्से प्रमाणात घटवतात. मुलींना पंधरापैकी आठ मिळतात. शिया ती तूट मुलींच्याच माथी टाकतात. त्यांना बारापैकी पाच. आणि पोथीतला कायदा घरात पोचेलच असंही नाही. १८४७मध्ये मुंबईत खोजा मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला, तेव्हा न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी जमातीची रूढी उचलून धरली आणि मुलींच्या हाती काही लागलं नाही. रूढीचा हा अडसर १९३७च्या शरियत कायद्याने काढला, तोही शेतजमीन वगळून.

मुलीच असलेला सुन्नी बाप आज आडवाटा शोधतो. मृत्युपत्र एक-तृतीयांशापुरतंच, आणि तेही वारसाच्या नावे करायचं तर बाकीच्या वारसांची संमती हवी. नॉमिनी लावला की काम झालं, हा समज सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये विम्याच्या सरबती देवी खटल्यात खोडला. नॉमिनी पैसे घेतो, मालक होत नाही, असं तेव्हा ठरलं; आईबाप, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्यापुरता हा नियम २०१५च्या दुरुस्तीने बदलला. राहिला हिबा, म्हणजे बक्षीस, पण त्यात जिवंतपणीच ताबा सोडावा लागतो. केरळचे वकील-अभिनेते सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी तीन मुलींसाठी ८ मार्च २०२३ रोजी विशेष विवाह कायद्याखाली आपलंच लग्न पुन्हा लावलं, म्हणजे वारशाला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू व्हावा.

बापाला एवढा वळसा घ्यावा लागू नये. मालिकी सुन्नी परंपरेच्या ट्युनिशियाने १९५९मध्येच तरतूद केली की मुलगी असेल तर उरलेला भाग तिच्याकडेच परतेल, भाऊ-चुलत्यांकडे नाही. आपल्या १९३७च्या कायद्यात हिश्शांचं कोष्टकच नाही. वारशाला शरियत लागू, एवढंच तो म्हणतो. ट्युनिशियासारखी एक तरतूद त्यात जोडावी, ही मागणी सुन्नी घरांतून, मुलींच्या बापांकडून यायला हवी.