फारमाची तारीख

मी आठवीत होतो. 1974 साल असावं. बहात्तरच्या दुष्काळातून घर अजून नीट वर आलं नव्हतं. हजेरी झाली की मास्तर एक यादी वाचायचे. ज्यांचा ईबीसीचा फारम आला नाही, त्यांनी उभं राहायचं. फी भरणारी चार-दोन पोरं बसून असायची, सावकाराचा मुलगा त्यात पहिला. बाकी आम्ही उभे. मास्तर वाईट नव्हते, पण उभं राहताना गुडघे जड व्हायचे हे खरं.

नव्या पिढीला ईबीसी म्हणजे काय हे सांगावं लागतं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ही सवलत सुरू झाली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत ज्याचं उत्पन्न, त्याच्या लेकराला फी माफ. जात कोणतीही असो. पुढं ती मर्यादा वाढत गेली. माझ्या वयाची खेड्यातली जी माणसं आज मास्तर, ग्रामसेवक, कंडक्टर म्हणून रिटायर झाली, त्यांतली निम्मी तरी त्या एका कागदावर शिकली असतील.

तो कागद आणायला वडील तलाठ्याकडं गेले, तेव्हा मी बरोबर होतो. नऊ एकर कोरडवाहू, पण सातबाऱ्यावर नाव होतं, गावात मान होता. तलाठ्यानं विचारलं, "उत्पन्न काय लिहू, अण्णा?" वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दगड फोडल्याचं लिहा." दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली होती, ती गोष्ट त्यांनी तोंडानं काढलेली मी तेवढीच एकदा ऐकली.

माझ्या शेजारी आमच्या सालगड्याचा पोरगा बसायचा. गणितात माझ्याहून हुशार. त्याच्या बापाकडं ना जमीन ना कागद, म्हणून त्याचा फारम मास्तरांनीच खटपट करून भरला. त्याची फी माफ झाली, माझीही झाली. पण पुढच्या पाडव्याला त्याच्या बापाची उचल फिटेना. साल पुन्हा ठरलं आणि त्यात पोरगं गुरामागं जायचं ठरलं. गुरं आमचीच. वडिलांनी बळजबरी केली नाही, त्याचा बापही रडला नाही. मी नववीत गेलो. सकाळी दप्तर घेऊन निघायचो तेव्हा तो आमच्या गोठ्यातून बैलं सोडत असायचा. दोघं एकमेकाकडं बघायचो, बोलायचो नाही. 1977 ला मी दहावी झालो. फी दोघांनाही माफ होती, मग तो का राहिला, हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, त्याचं नशीब.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

2009 साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि 2010 च्या एक एप्रिलला लागू झाला. खाजगी शाळांनीसुद्धा पहिल्या वर्गातल्या शंभरातल्या पंचवीस जागा वंचित आणि दुर्बल घरच्या लेकरांना द्यायच्या, त्यांची फी सरकारनं भरायची. आपल्याकडं दुर्बल घटकाला एक लाखाच्या आतला दाखला लागतो. फारम ऑनलाइन भरायचा, मग सोडत निघते. 2024 साली सरकारनं यात एक पाचर मारली होती. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला त्या जागा द्यायची गरज नाही, असा नियम काढला. हायकोर्टानं तो रद्द केला. तेव्हा मी पारावर मोठ्यानं म्हणालो होतो, गरिबाच्या लेकराच्या तोंडचा घास वाचला.

2025 च्या जानेवारीत आमच्या नातवाचा फारम भरला. सोयाबीनचा हमीभाव 4892 आणि बाजारात चार हजाराच्या आसपास मिळत होते. चार एकरांत बत्तीस क्विंटल झालं. बी, खत, फवारणी, मळणी, मजुरी वजा केली तर हातात तीस हजार राहिले नाहीत. तेव्हा लाखाच्या आतला दाखला खोटा म्हणता येणार नाही. पण मुलाची पिकअप गाडी आहे, ती भाड्यानं फिरते. त्या गाडीबद्दल आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. शेतकऱ्याचं उत्पन्न शेतातलं, असं धरून सगळे चालले.

त्याच आठवड्यात तुरी काढायला बायका होत्या. त्यातली एक, नवरा ऊसतोडीला गेलेला, तीनशे रुपये रोजानं आमच्याकडं नेहमी येणारी. जेवायच्या सुट्टीत धुऱ्यावर बसून तिनं विचारलं, "आबा, त्या इंग्लिश शाळेचा फारम फुकट भरतेत म्हणं. माझ्या पोरीचा कसा भरायचा हो?"

मी म्हणालो, "आता कुठं, माय. तारीख सरत आली आसंल. अन् कागदं बी लई लागतेत."

तारखेला आठ दिवस होते. मला ठाऊक होतं, कारण आदल्याच दिवशी मुलाबरोबर तालुक्याला जाऊन आलो होतो. मी म्हणालो ते शब्दाला शब्द धरलं तर खोटं नाही. तारीख सरत आलीच होती, कागदं लागतातच. ती "बरं" म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी मुद्दाम बोललो का? त्या घडीला मनात एवढंच आलं की शाळेत जागा थोड्या आहेत. पुढचा विचार मनानं केला नाही, तोंडानंच केला.

सोडतीत नातवाचा नंबर लागला. घरात पेढे वाटले. तिनं पेढा घेतला आणि म्हणाली, "लेकरू लई मोठं व्हावं."

हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आबा, तिचा नंबर लागलाच असता असं कुठंय? आणि लागला असता तरी बसचे महिन्याला हजार रुपये तिनं कुठून आणले असते? ड्रेस, बूट, गॅदरिंगचे पैसे?" त्याचं म्हणणं चूक नाही. फी माफ झाली म्हणजे शाळा फुकट होत नाही, हे मी गोठ्याच्या दारात पन्नास वर्षांमागं पाहिलंय. पण तो हिशोब तिनं करायचा होता. मी तिच्या वतीनं केला, आणि माझ्या सोयीनं केला.

मी वाचणारा माणूस. गावच्या वाचनालयात जोतीरावांचं समग्र वाङ्मय आहे. 1882 साली हंटर कमिशनला त्यांनी सांगितलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्यांच्या पोरांवर होतो. हे वाचताना मी नेहमी स्वतःला रयतेच्या बाजूला बसवत आलो. कुणबी माणूस, दगड फोडणाऱ्याचा मुलगा, दुसरीकडं कुठं बसणार? त्या धुऱ्यावर मात्र मी कोणाच्या बाजूला होतो ते सांगता येत नाही. येतं, पण जीभ उचलत नाही. गरिबीचंही असं आहे की आपल्या खाली कोणी दिसलं की आपण तेवढ्यापुरते गरीब राहत नाही, फक्त फारमावर राहतो.

तिची मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला बसली. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तशी कोणालाही दार उघडं असणारी ही शाळा. बाई चांगल्या आहेत. पण पट घसरलाय. ज्याला जमतं तो पोरगं पिवळ्या बसमध्ये बसवतो. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करायची चर्चा मध्यंतरी झाली, तेव्हापासून बाई घरोघर फिरतात. आमच्याही घरी आल्या होत्या. नातवाचं नाव काढल्यावर सूनबाई आत चहा ठेवायला गेली. मी शाळा व्यवस्थापन समितीत चार वर्षं होतो, शाळेच्या भिंतीसाठी वर्गणी गोळा केली, आणि माझाच नातू तिथं नाही. म्हणजे मी तिच्या पोरीला एका शाळेत जाऊ दिलं नाही आणि दुसरी शाळाही थोडी रिकामी केली.

नातवाला काढून आणावं असं एकदा बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "त्यानं काय केलंय? तुमचं पाप लेकराच्या दप्तरात टाकू नका." यावर मला उत्तर सापडलं नाही.

मागच्या दिवाळीआधी सोयाबीन काढायला ती आली होती. मी म्हणालो, "माय, फारमाची तारीख तेव्हा सरली नव्हती. आठ दिवस होते. मला ठाऊक होतं." ती विळा थांबवून माझ्याकडं बघत राहिली. वाटलं, रागवंल, निघून जाईल. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं, आबा." आणि पुन्हा ओळीला लागली.

तिचं धाकटं पोरगं चार वर्षांचं आहे. त्याचा जन्माचा दाखला कुठं काढलाय, हे संध्याकाळी रोज वाटताना मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काढलाच न्हाई." दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक आले नव्हते.