न झालेल्या धावांचा हिशेब

कर्तृत्वाचे मोजमाप मिळविलेल्या गोष्टींवरून करावे, की टाळलेल्या हानीवरून? मिळविलेले चटकन मोजता येते, टाळलेले सहसा मोजता येत नाही; म्हणून जगाचा न्याय बहुधा पहिल्या बाजूसच झुकतो. या दृष्टीने अमेरिकेतील बेसबॉलपटू जॉर्ज मॅकब्राइड याचे उदाहरण आम्हांस विचार करण्याजोगे वाटते.

१९०१ ते १९२० या कारकिर्दीत फटक्याच्या ५,५२६ संधी त्याच्या नावावर नोंदल्या गेल्या; साधले ते १,२०३ फटके. हजारी प्रमाण अवघे २१८! पाच हजारांहून अधिक संधी लाभलेल्यांत याहून उणे प्रमाण कोणाचेच नाही. असे असूनही १९०८ ते १९१६ पर्यंत वॉशिंग्टनच्या संघाने शॉर्टस्टॉपची जागा त्याच्याकडेच ठेवली, त्यास कर्णधार केले, आणि १९२१ साली संघाचे व्यवस्थापकपदही त्यालाच दिले.

याचे कारण त्या काळाच्या खेळात आहे. तेव्हा एकच चेंडू मळून मऊ होईपर्यंत चाले, त्यास थुंकी लावून फेकण्याचीही मुभा असे; धावा दुर्मिळ होत्या. जेथे एका धावेवर निकाल लागतो, तेथे वाचविलेली धाव मिळविलेल्या धावेइतकीच मोलाची. दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्ये उभे राहून सरपटत येणारा चेंडू टिपावयाचा आणि फलंदाज पोहोचण्यापूर्वी पहिल्या बेसकडे धाडावयाचा, हे शॉर्टस्टॉपचे काम. त्यात १९१२ ते १९१५ या चारही वर्षी अमेरिकन लीगच्या शॉर्टस्टॉपांत मॅकब्राइड सर्वांत बिनचूक ठरला. त्याच संघाचा गोलंदाज वॉल्टर जॉन्सन १९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात पहिल्या पाचांत गेला; मॅकब्राइडला तेथे स्थान मिळाले नाही.

अदृश्य गुणांच्या अशा गौरवाआड आळशीही लपतील, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नव्हे. परंतु वाचलेल्या धावेचा रकाना वहीत नसला, तरी शेजारी उभे असणाऱ्यांस ती दिसत होती; चूक झाली असती तर नुकसानही त्यांचेच होते. साक्ष द्यावयाची ती अशांनी.

परमुलखात शासकीय सेवेत असलेल्या आमच्या वाचकांस हे नवे नसावे. न फुटलेल्या बंधाऱ्याची, न उसळलेल्या दंग्याची फाइल होत नाही. निकटच्या वरिष्ठाने दोन ओळी लिहिल्या, तरच ते काम उरते. ज्याने जवळून पाहिले त्यानेच मौन पाळावे, हा आम्हांस केवळ विसराळूपणा नव्हे, तर अन्याय वाटतो.