नवाला न दिसणारी चूक

द्रोणागिरीच्या रस्त्यावर ट्रेलर थांबलेले असले की कंटेनरच्या दारावरचा क्रमांक नीट वाचता येतो. चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक अंक. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून असे असंख्य क्रमांक इथून गेले. आधीची दहा चिन्हं बरोबर उतरवली आहेत ना, एवढंच तो चौकटीतला अंक सांगतो. पण त्यामागचा विचार हजार वर्षांचा आहे.

दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त, साधारण दहाव्या शतकात, नवाचा ताळा येतो. अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची आणि गुणाकार-भागाकार पडताळायचा. अवाढव्य संख्या बाजूला ठेवून नुसत्या बाकीवर विश्वास टाकायचा, हे धाडस मला फार मोठं वाटतं. १० ला ९ ने भागलं की १ उरतो, म्हणून एकक, दशक, शतक सगळे नवाला सारखेच. गोची तिथेच आहे. ३०५४३८ च्या जागी ३०४५३८ लिहिलं तरी बेरीज २३च, आणि आकडे उतरवताना शेजारचे अंक उलटे पडणं ही तर नेहमीची चूक.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना १९४९ मध्ये गवसलेल्या ६१७४ च्या मुळाशीही हेच आहे. चार अंकी संख्येचे अंक (सगळे एकच नकोत) उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की अखेर ६१७४ येतो. अंक हलवले तरी नवाची बाकी हलत नाही, म्हणून यातली प्रत्येक वजाबाकी ९ च्या पाढ्यातली. ताळ्याची उणीव इथे संख्येचा गुण झाली.

गाउसने १८०१ च्या ग्रंथात बाक्यांना स्वतंत्र गणिताचा दर्जा दिला, आणि मग ताळा कोणत्या संख्येने घ्यायचा हे चुका पाहून ठरवता येऊ लागलं. कंटेनरसाठी ११ निवडला गेला. अक्षरांना १० ते ३८ या किमती, त्यांतून ११, २२, ३३ वगळलेले. डावीकडून प्रत्येक जागेचं वजन दुप्पट: १, २, ४, ८... प्रत्येक किंमत तिच्या जागेच्या वजनाने गुणली की सीएसक्यूयू ३०५४३८ ची बेरीज ६१८५ भरते, ११ ने भागून ३ उरतात आणि चौकटीत ३ येतो. आता ५ आणि ४ उलटे करा. बेरीज ६२४९, बाकी १. चूक उघडी पडली.

ही वजनं ११ ने भागली तर बाक्या १, २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६ अशा येतात. एकही पुन्हा येत नाही, आणि क्रमांकातल्या जागाही नेमक्या दहाच! इतकं देखणं गणित रोज डोळ्यांसमोरून जातं आणि शाळेत कुणी ते मुलांना दाखवत नाही, याची मला खंत वाटते.

तरीही फटी आहेत. बाकी १० आली तर चौकटीत ० लिहितात, म्हणजे दोन बाक्यांना एकच खूण. शिवाय बी म्हणजे १२, एल २३ आणि व्ही ३४. तिघांचीही बाकी १. फोनवर ‘बी’ सांगितलेलं ‘व्ही’ ऐकू आलं, तर अकराचा ताळा ते मुकाट मान्य करतो.